शॉट्सची नावं पाठ आहेत, पण फिल्म जोडली जात नाही

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: त्या नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, वय एकोणतीस, अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतात. त्यांचे मामेसासरे जुन्या नाशकात भांडी बाजाराजवळ कल्हई करतात. त्यांच्यावर आठ-दहा मिनिटांचा माहितीपट करायचा म्हणून त्यांनी रविवारी जाऊन-जाऊन फोनवर जवळजवळ चार तासांचं चित्रीकरण केलं. लॅपटॉपवर बसल्यावर मात्र काही जुळेना. शॉटला शॉट लावला की झटका बसतो, मामांचं बोलणं शेजारच्या ठोक्यांत बुडतं, भट्टीजवळचे शॉट कधी पिवळे तर कधी निळे दिसतात. लग्नांचं शूटिंग करणारे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, गिंबल (हातातला कॅमेरा हलू न देणारी दांडी) आणि चांगला कॅमेरा नसेल तर हे सगळं वाया." साठवलेले सत्तर हजार रुपये आहेत. त्यातून मिररलेस कॅमेरा घ्यावा, की कॉलेज रोडवरच्या एका खासगी क्लासची सहा महिन्यांची फी भरावी? आगाऊ रक्कम भरायची मुदत महिनाअखेर संपते. त्या लिहितात, "लाँग, मिड, क्लोज, ओव्हर द शोल्डर, सगळी नावं वहीत लिहून पाठ केली आहेत. पण तिथे उभी राहिले की डोकं रिकामं होतं. हे मला जमणारं नसेल तर आत्ताच सांगा, पैसे वाचतील."

तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते. हे तुम्हाला जमेल. आपल्याच चित्रीकरणात काय बिघडलंय ते तुम्ही तीन वाक्यांत नेमकं सांगितलंत. झटका, आवाज, रंग. शिकायला सुरुवात केलेल्या बहुतेकांना "काहीतरी बरं दिसत नाहीये" याच्या पुढे जाता येत नाही. तुम्हाला चूक दिसते आहे, ती का होते एवढंच अजून कळलेलं नाही.

आता ती तीन वाक्यं आणि तुमचा प्रश्न शेजारी ठेवून बघा. प्रश्न कॅमेऱ्याचा आहे आणि तक्रारींत कॅमेऱ्याची एकही नाही. झटका बसतो, कारण जोडलेल्या दोन शॉट्सचा आकार आणि कोन जवळपास सारखाच असतो, किंवा पहिल्यात उजवीकडे बघणारा माणूस दुसऱ्यात डावीकडे बघतो. बोलणं बुडतं, कारण फोनचा माइक मामांपासून चार फुटांवर आहे आणि शेजारी हातोडा चाललाय. रंग बदलतात, कारण फोनचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर आहे आणि भट्टीची ज्वाळा कमी-जास्त झाली की फोन आपल्या मनाने रंग फिरवतो. सत्तर हजारांचा कॅमेरा ऑटोवर ठेवून त्याच जागी उभं राहिलात तर या तिन्ही गोष्टी तशाच होतील, फक्त जास्त स्पष्ट दिसतील.

दुसरं गृहीतक तुमच्या वहीत आहे. तुम्ही शॉट्स एका बाजूला पाठ केलेत आणि संकलन नंतर शिकायची वेगळी विद्या म्हणून ठेवलंत. म्हणून तिथे गेल्यावर डोकं रिकामं होतं. शॉट हा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शॉटला जोडायचा तुकडा असतो. कशाला जोडायचा हे माहीत नसेल तर कोणता घ्यायचा हे सुचणारच नाही. बघणाऱ्याच्या मनात ओळीने प्रश्न येतात. आपण कुठे आहोत? हा वाइड. कोण आहे? हा मिड. हात काय करताहेत? हा क्लोज किंवा इन्सर्ट. त्याला काय वाटतंय? हा चेहऱ्याचा क्लोजअप. तो काय बघतोय? हा पीओव्ही, म्हणजे त्याच्या नजरेतून घेतलेला शॉट. भट्टीपुढे उभ्या असाल तेव्हा नावं आठवू नका, पुढचा प्रश्न कोणता ते स्वतःला विचारा.

तेव्हा माझा आग्रह असा, की नवीन काहीही चित्रित करण्याआधी हातातल्या चार तासांवर संकलन करायला बसा. शॉट घ्यायला तुम्ही तिथेच शिकाल.

कसं बसायचं ते सांगते. आधी सगळ्या मूळ फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी करा, एक लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. साध्या फुल एचडीला मिनिटाला साधारण ६० एमबी आणि फोर-केला १७० एमबी धरले, तर चार तासांचे अनुक्रमे चौदा आणि चाळीस जीबी होतात. फोननुसार आकडा बदलेल, पण अंदाज यायला पुरेसा आहे. मग प्रत्येक फाइल पूर्ण बघून नोंदी करा. फाइलचा क्रमांक, कितव्या मिनिटाला काय घडतं, वाइड आहे की क्लोज, निदान चार सेकंद स्थिर आहे का. हिशेबाच्या कामामुळे हा भाग तुम्हाला इतरांपेक्षा सोपा जाईल. बहुतेक लोक इथेच कंटाळतात आणि मग टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने लावायच्या पट्टीवर, चाचपडत बसतात.

नोंदी झाल्या की फक्त एका पातेल्याची गोष्ट निवडा. पातेलं भट्टीवर चढतं तिथपासून कल्हई होऊन पाण्यात बुडतं तिथपर्यंत. नव्वद सेकंदांत बसवा. निवेदन नाही, संगीत नाही, डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) नाही, नुसते सरळ कट. हे करताना जिथे अडाल तिथे कागदावर लिहा: "कथील टेकवतानाचा हात जवळून नाही", "बुडवण्याआधी मामा वर बघतात तो चेहरा नाही", "दुकान बाहेरून नाही". ही अडलेल्या जागांची यादी म्हणजेच तुमच्या पुढच्या रविवारचं शॉट डिव्हिजन.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी भरपूर आहे, पण तिला १६ जीबी रॅम असलेला लॅपटॉप बरा. तुमचा ८ जीबीचा असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या, दोन्ही मोफत आहेत. व्हिडिओ अडखळत चालला तर प्रॉक्सी चालू करा. सॉफ्टवेअर हलक्या नकला बनवून त्यांच्यावर काम करू देतं आणि शेवटी मूळ फाइल वापरतं. आणखी एक अडचण अनेकांना महिनोन्‌महिने कळत नाही. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने, म्हणजे सेकंदाला कधी कमी कधी जास्त चित्रं घेत, चित्रण करतो, त्यामुळे लांबलचक मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घेतली की हा त्रास जातो.

आता कल्हईकडे येऊ. कोणताही कारागीर शिकाऊ संकलकावर जी मेहेरबानी करतो ती मामांनी तुमच्यावर केलेलीच आहे. ते तेच काम पुन्हा पुन्हा करतात. कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकली, की कापसाच्या बोळ्याने ते पसरवायला फार वेळ मिळत नाही. "मामा, जरा थांबा, हे परत करा" असं त्यावेळी म्हणता येणार नाही आणि म्हणूही नये, भांडं बिघडेल. पण त्यांच्यापुढे त्या दिवशी दहा भांडी असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की सारख्या आकाराची चार पातेली ओळीने घ्या.

पहिल्या पातेल्याला फोन ट्रायपॉडवर लावून वाइड घ्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात लावू नका. हा तुमचा मास्टर, म्हणजे बाकीचे शॉट ज्याच्यात बसवायचे तो अखंड शॉट. दुसऱ्याला मामांच्या खांद्यामागून घ्या, खांद्याची कड फ्रेममध्ये ठेवून. सेटवर याला सजेशन म्हणतात. तिसऱ्याला फक्त हात, कांडी आणि भांड्याचा आतला भाग, तिरकं वरून. काळपट तांब्यावरून चांदीसारखी झाक सरकत जाते तो क्षण हाच शॉट पकडतो, फिल्मचा जीव त्यात आहे. चौथ्याला हातांकडे अजिबात बघू नका, फक्त चेहरा. चारही पातेल्यांना मामांचा शर्ट तोच हवा, बसायची जागा तीच हवी आणि भाता किंवा पंखा त्याच बाजूला हवा. मग संकलनात ही चार पातेली एकच पातेलं होतात. मधेच कढई आली तर होत नाहीत.

दर वेळी जागा बदलताना आकाराची निदान एक पायरी बदला, म्हणजे वाइडवरून मिड, मिडवरून क्लोज. कोनही ३० अंशांहून जास्त फिरवा. तुमचे झटके बहुतेक इथूनच येतात. दोन पावलं सरकून घेतलेला दुसरा मिड पहिल्या मिडला जोडला की माणूस खुर्चीतून उडाल्यासारखा दिसतो. रेकॉर्ड दाबल्यावर क्रिया सुरू होण्याआधी पाच सेकंद आणि संपल्यावर पाच सेकंद सोडा. ही शेपटं नसली की कट कुठे करावा हे ठरवायला जागाच उरत नाही. पॅन करायचाच असेल, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचाच असेल, तर स्थिर सुरू करा, स्थिर थांबवा, आणि पॅनच्या शेवटी बघण्यासारखं काहीतरी असू द्या. बोटांनी झूम करू नका, जवळ जा. अपवाद चेहऱ्याचा. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, तिने चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलं की नाक मोठं दिसतं. तिथे दोन पावलं मागे येऊन दोन एक्स लावा. जुन्या नाशकातल्या बोळांत वाइडसाठी मागे जायला जागा मिळत नाही हे खरं. ०.५ची अल्ट्रावाइड लावण्याचा मोह होईल, पण तिच्या कडा वाकतात आणि कमी उजेडात चित्र रवाळ होतं. समोरच्या घराच्या ओट्यावरून किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून विचारून शॉट घ्या.

मामा आणि गिऱ्हाईक बोलताहेत असा प्रसंग असेल तर त्या दोघांना जोडणारी एक रेषा जमिनीवर आखली आहे असं समजा आणि त्या रेषेच्या एकाच बाजूला राहा. मामा उजवीकडे बघताहेत, गिऱ्हाईक डावीकडे, म्हणजे ते समोरासमोर आहेत. रेषा ओलांडलीत की दोघेही एकाच दिशेला बघतात आणि बघणाऱ्याला काही कळेनासं होतं. यालाच एक्सिस जंप म्हणतात. आधीच्या चित्रीकरणात असं झालं असेल तर मधे बरोबर रेषेवरून घेतलेला शॉट घाला, किंवा कटअवे, म्हणजे भट्टी, टांगलेली भांडी, ताजवा असं काहीतरी. त्यासाठी प्रत्येक फेरीत दहा-बारा कटअवे घेऊनच निघा. ते कधीच जास्त होत नाहीत.

सेटिंगचं एकदाच करायचं काम. फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप चालत असेल तर ते टाका, आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते चालतं. नाहीतर फोनचा स्वतःचा प्रो मोड बघा. फ्रेम रेट २५, शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपली जाते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की चित्रात सरकते पट्टे येतात ते यामुळे. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनला कुलूपबंद करा. ज्वाळा केशरी दिसेल, आणि ती तशीच दिसायला हवी. तांबं तांब्यासारखं आणि कथील कथलासारखं दिसलं नाही तर कल्हईच्या फिल्मला अर्थ राहत नाही. उजेड मामांच्या चेहऱ्यावर मोजून कुलूपबंद करा. भट्टी थोडी पांढरी पडली तर चालेल, चेहरा काळा पडलेला चालणार नाही. नवसागराचा धूर उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघितला तरच दिसतो. दार किंवा खिडकी धुरामागे येईल अशा जागी बसा, मग तो चमकतो. उजेड तुमच्या पाठीमागे असेल तर धूर जवळजवळ दिसणारच नाही. फोन भट्टीपासून तीन-चार फूट लांब ठेवा, तापला की रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं. हा धूर घशाला झोंबतो, तेव्हा मास्क लावा आणि लेन्स अधूनमधून मऊ कापडाने पुसा.

आवाजाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चित्र कच्चं असलं तरी लोक बघतात, ऐकू न येणारं कुणी बघत नाही. मामांचं बोलणं भट्टीपाशी रेकॉर्ड करायचं सोडूनच द्या. मुलाखत वेगळ्या वेळी, त्यांच्या घरी घ्या. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, आणि सगळे फोन विमान मोडवर. हजार-बाराशेच्या आसपास तारेचा कॉलर माइक मिळतो. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर शर्टाला लावा, कापड घासणार नाही असा चिकटपट्टीने बसवा आणि दुसऱ्या फोनला जोडून तो फोन त्यांच्या खिशात ठेवा. सुरू करताना एकदा मोठ्याने टाळी वाजवा. टाळीच्या आवाजाचं टोक आणि हात जुळल्याची फ्रेम एकमेकांवर ठेवली की चित्र आणि आवाज जुळतात. बोलण्याची पातळी टोकाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला भिडून फाटलेला आवाज परत दुरुस्त होत नाही. संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधली जोडणी झाकायला ती लागते.

त्यांना खिडकीजवळ बसवा, उजेड चेहऱ्यावर तिरका पडेल असं. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली की सावली हलकी होते. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही लेन्सला अगदी चिकटून बसा आणि त्यांना तुमच्याशी बोलू द्या. ज्या बाजूला ते बघतात त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडा. त्यांना सांगा की उत्तरात प्रश्नही येऊ दे. "किती साली सुरू केलंत?" याला नुसता आकडा आला तर संकलनात तो लोंबकळत राहतो. तुम्ही मधे "हं, हं" करू नका, मान हलवा. उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, पुष्कळदा खरं वाक्य त्या थांबण्यात येतं. काही प्रश्न मिडमध्ये आणि काही क्लोजमध्ये घ्या, म्हणजे पुढे एकावरून दुसऱ्यावर जाता येईल.

भट्टीपाशी मात्र कामाचे आवाज वेगळे रेकॉर्ड करा. माइक फूटभर अंतरावर नेऊन भात्याचा श्वास, पोचे काढताना पडणारे ठोके, भांडं पाण्यात गेल्यावरची चर्र. हे सगळे आवाज म्हणजे तुमचं संगीत. ते नीट मिळाले तर बाहेरून गाणं उचलावं लागणार नाही आणि हक्कांचा प्रश्नही येणार नाही.

एवढं झालं की तुमचं संकलन एकदम बदलेल. कट करायची सगळ्यात सुरक्षित जागा हालचालीच्या मध्ये असते. हात भांड्याकडे निघाला, वाटेत असताना वाइडवरून क्लोजवर जा, हात क्लोजमध्ये पोचेल. हात निघण्याआधी किंवा पोचल्यावर कापलंत तर कट दिसतो. मग आवाज आणि चित्र एकाच जागी कापण्याची सवय मोडा. मामा अजून घरात बोलताहेत, आणि भट्टीचा आवाज त्यांच्या शेवटच्या शब्दाखाली सुरू झाला, मग चित्र बदललं, हा जे-कट. चित्र भट्टीवर गेलं तरी त्यांचं बोलणं चालूच राहिलं, हा एल-कट. माहितीपट वाहता ठेवण्याचं निम्मं काम हे दोन करतात. क्रमही पाळा. आधी सगळे तुकडे ओळीने लावलेली ढोबळ जोडणी, मग क्रम आणि लांबी ठरवणारा रफ कट, मग प्रत्येक कट नेमका बसवणारा फाइन कट, चित्र पक्कं झाल्यावर आवाज, आणि रंग सगळ्यात शेवटी. रफ कटच्या आधी रंगांवर घालवलेला रविवार वाया जातो, कारण त्यातले निम्मे शॉट पुढे काढावे लागतात.

तुम्ही पत्रात लिहिलंय की सुरुवातीला रामकुंडावरची पहाट आणि गोदाघाटाचे दहा-बारा शॉट टाकले आहेत. ते सुंदर असतीलही. पण नाशिक म्हटलं की प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो, आणि तुमची फिल्म तिथे घडत नाही. ती बोळात घडते. ते सगळे शॉट काढून बघा, पहिलाच शॉट भात्याच्या आवाजाने सुरू करा, आणि मग मनाला विचारा की नदीची आठवण झाली का.

संकलनाची एक ताकद तुम्हाला लवकरच सापडेल आणि ती जपून वापरायची आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाची थाळी, शवपेटी आणि एक स्त्री अशा तीन वेगवेगळ्या शॉट्सना जोडून दाखवला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि आस दिसली. हा प्रयोग तुम्ही मामांच्या चेहऱ्यावर करून बघा. आधी चकाकणाऱ्या पातेल्याला जोडा, मग शेजारच्या बंद शटरला. दुसऱ्यात ते हताश दिसतील, प्रत्यक्षात ते चहाची वाट बघत असले तरी. शिकण्यासाठी हा उत्तम धडा आहे. पण माहितीपट खऱ्या माणसाचा असतो. त्यांना जे वाटलं नाही ते त्यांच्या चेहऱ्यावर चिकटवू नका, आणि रफ कट सगळ्यात आधी त्यांना दाखवा. गिऱ्हाइकांचे चेहरे घेतले असतील तर त्यांचीही परवानगी घ्या.

तुमच्या दिरांबद्दल. ते चुकीचं काही सांगत नाहीत, त्यांच्या कामापुरतं ते बरोबर आहे. लग्नात अक्षता एकदाच पडतात, माणसं हलत असतात, तिथे गिंबल आणि दोन-तीन कॅमेरे लागतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारणारी पोरं चित्रित करायची असतील तर तुम्हालाही तेच लागेल, कारण तो क्षण पुन्हा येत नाही. पण कल्हई, येवल्याचा माग, दिंडोरीच्या बागेतली छाटणी ही पुन्हा पुन्हा होणारी कामं आहेत. तिथे एक फोन, एक ट्रायपॉड आणि धीर पुरतो. हे वाचणाऱ्या इतरांनीही कॅमेऱ्याचा विचार करण्याआधी आपला विषय यातल्या कोणत्या जातीचा आहे ते ठरवावं. दिरांकडून मात्र आवाज जुळवणं, फाइल्स सांभाळणं आणि गर्दीत उजेडाची जागा शोधणं आवर्जून शिका. त्यात त्यांचा हात बसलेला असणार.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि १९१३ नंतर त्यांची बरीचशी चित्रनिर्मिती नाशकात झाली हे तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल वाढत जाताना थांबून थांबून फ्रेम घेत चित्रित केलं आणि ती छोटी फिल्म भांडवल देऊ शकणाऱ्या लोकांना दाखवली. विषय एक, जागा एक, कॅमेरा स्थिर. आपल्याला हे माध्यम चालवता येतं हे त्यांनी आधी एवढ्यावर सिद्ध केलं. तुमचं एका पातेल्याचं नव्वद सेकंदांचं काम त्याच प्रकारचं आहे, म्हणून त्याला सराव म्हणून हलकं लेखू नका.

आता पैसे. दहा हजारांच्या आत ट्रायपॉड, फोन धरायचा क्लँप, कॉलर माइक, थर्माकोल आणि हार्ड डिस्क येईल. तेवढंच घ्या. उरलेल्यात मिररलेस घेतलात तरी सोबतच्या किट लेन्सला बोळातला अंधार पेलणार नाही, मग वेगळी लेन्स, मग बॅटऱ्या, मग कार्ड असा खर्च वाढत जातो. पहिली फिल्म पूर्ण झाल्यावर हातात काय कमी पडलं हे तुम्हाला नेमकं सांगता येईल, तेव्हा तो कॅमेरा आधी दोन दिवस भाड्याने आणून बघा.

क्लासला माझा विरोध नाही. नियमित बसवणारं आणि चुका दाखवणारं कुणी असेल तर माणूस लवकर शिकतो. पण चौकशीला जाल तेव्हा माहितीपत्रकातल्या कॅमेऱ्यांची नावं बाजूला ठेवा. एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी, प्रत्येक जण स्वतःची फिल्म स्वतः संकलित करतो का, रफ कटवर बसून चर्चा होते का, आणि गेल्या तुकडीतल्या पूर्ण झालेल्या फिल्म्स बघायला मिळतील का, एवढं विचारा. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूटही छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम घेते, स्मार्टफोनवरच्या चित्रीकरणाचेही. नोकरी सांभाळून आठवडाभराची रजा काढणं सहा महिन्यांच्या बांधिलकीपेक्षा तुम्हाला सोयीचं पडेल. तोही पर्याय तपासा.

महिनाअखेर यायला अजून दोन रविवार आहेत असं पत्रावरून दिसतं. एक रविवार नोंदींना द्या, दुसरा नव्वद सेकंदांच्या तुकड्याला. तो जसा होईल तसा फोनमध्ये घेऊन क्लासमध्ये जा आणि आगाऊ रक्कम भरण्याआधी तिथल्या शिकवणाऱ्यांना दाखवा. विचारा, "यात कोणता शॉट कमी आहे, आणि तो कुठे घालाल?" त्यांनी टाइमलाइनवर बोट ठेवून उत्तर दिलं तर पैसे भरायला हरकत नाही. "चांगल्या कॅमेऱ्याने घ्या" एवढंच म्हणाले तर ते तुमच्या दिरांनी फुकट सांगितलेलं आहे.